कोंबड्याच्या डोक्यातील घड्याळ

आपले कोंबडे आरवले नाही तर गावात उजाडणारच नाही, अशी एका म्हातारीची ठाम समजूत होती. म्हणून एका रात्री तिने ते डालग्याखाली डालले आणि वर कांबळे टाकले. सूर्य नेहमीप्रमाणे उगवला, गाव कामाला लागले, आणि मराठी भाषेला एक म्हण मिळाली. म्हातारीच्या भोळेपणाला हसण्यात कित्येक पिढ्या गेल्या. परंतु त्या गोष्टीतला दुसरा प्रश्न विचारण्याचे कोणाला सुचले नाही. कांबळ्याखालच्या त्या काळोखात बसलेल्या कोंबड्याला उजाडल्याचे कळले की नाही? कळले असेल तर कशाने कळले? ह्या प्रश्नाचे उत्तर कोंबड्याच्या डोक्यात आणि मानेत दडलेले आहे. ते शोधून काढण्यासाठी माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

कोंबड्याकडे वळण्यापूर्वी माणसाने आपली वेळ कशी राखली, ते पाहणे उचित ठरेल. आणि त्यासाठी ग्वाल्हेरच्या परिसराइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. १५२८ च्या सप्टेंबर महिन्यात बाबर बादशहा ग्वाल्हेरचा किल्ला पाहावयास आला. राजा मानसिंहाचा महाल त्याने खोलीखोलीने पाहिला, रहीमदादच्या बागेतील तांबडी कण्हेर त्याला इतकी आवडली की तिची रोपे त्याने आग्र्यास नेली, आणि हे सारे आपल्या आत्मचरित्रात टिपून ठेवले. त्याच ग्रंथात हिंदुस्थानचे वर्णन करताना त्याने दोन गोष्टी लिहिल्या आहेत, त्यांचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे. पहिली गोष्ट रानकोंबड्याची. हा पक्षी गावठी कोंबड्यासारखाच दिसतो, परंतु तो चांगला उडतो आणि गावठी कोंबड्यांप्रमाणे नाना रंगांचा नसतो, हे बाबराच्या चौकस नजरेने अचूक हेरले. दुसरी गोष्ट घटिकापात्राची. दिवसरात्रीचे साठ भाग करून प्रत्येक भागाला हे लोक घडी म्हणतात. बुडाशी भोक असलेले भांडे पाण्यात ठेवतात, ते भरले की एक घडी झाली. मग उंच जागी टांगलेल्या पितळी थाळीवर घड्याळजी टोले देतो, असे तो सांगतो. रात्री अवचित जाग आलेल्या माणसाला घडीचे टोले ऐकू येत, पण प्रहर कोणता ते उमगत नसे. म्हणून घडीच्या टोल्यांमागोमाग प्रहराचेही टोले द्यावेत, असा हुकूम बाबराने काढला.

ही परंपरा पुढेही चालू राहिली. अकबराच्या राज्यकारभाराची बारीकसारीक माहिती 'आईन-इ-अकबरी'त नोंदवणारा अबुल फजल १६०२ साली मारला गेला. त्याची कबर ग्वाल्हेरजवळ आंतरी येथे आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरच्या पायथ्याशी लष्कर येथे आणली, तरी ज्या नगरीच्या मध्यान्हरेषेवरून भारतीय ज्योतिषी शतकानुशतके वेळ मोजत आले, ती उज्जयिनी ग्वाल्हेर संस्थानातच राहिली. तेथे सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा मोडकळीस आली होती. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि गोविंद सदाशिव आपटे ह्या मराठी ज्योतिर्विदाचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. पाणी, पितळ, सावली आणि दगड ह्यांच्या साहाय्याने माणसाने वेळ पकडली, ती अशी.

ज्याच्या घरी घटिकापात्र नव्हते आणि वेधशाळाही नव्हती, त्या गरिबाने काय करावे? त्याचे घड्याळ आढ्यावर बसलेले असे. रोमन अमलातील पूर्वेकडील देशांत रात्रीच्या चार प्रहरांपैकी तिसऱ्याला कोंबडा आरवण्याचा प्रहर हेच नाव होते. शुभवर्तमानात संत पेत्राला आपल्या गुरूला नाकारल्याची आठवण करून देणारा आवाजही कोंबड्याचाच आहे, आणि युरोपातील कित्येक मंदिरांच्या मनोऱ्यांवर म्हणूनच धातूचा कोंबडा वाऱ्यावर फिरत असतो. संस्कृत कोशकारांनी तर त्याला दिलेल्या नावांतच त्याची शरीररचना सांगून ठेवली आहे. डोक्यावर तांबडा तुरा, म्हणून तो ताम्रचूड. आणि त्याच्या आरवण्यावरून तो कृकवाकु. ह्या नावाचा पूर्वार्ध आवाजाचे अनुकरण असून उत्तरार्ध 'बोलणे' ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे, असे निरुक्तकार यास्काने सांगितले. कृक म्हणजे कंठ, असाही ह्या शब्दाचा अर्थ संस्कृतात आहे. तेव्हा कंठाने बोलणारा, असेही त्या नावाकडे पाहता येईल.

तुऱ्यापासून आरंभ करू. हा मांसल तुरा म्हणजे केवळ शोभा, असे दीर्घकाळ मानले जात होते. १८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड ह्या वैद्याने सहा कोवळ्या कोंबड्यांवर एक साधा प्रयोग केला. वृषण काढून टाकलेल्या कोंबड्यांचा तुरा खुरटला, ते आरवेनासे झाले आणि त्यांची झुंजण्याची वृत्ती मावळली. परंतु काढलेला अवयव ज्यांच्या पोटात भलत्याच जागी पुन्हा रुजवला, त्यांचा तुरा लालबुंद झाला आणि ते आरवूही लागले. नवीन जागी जुने मज्जातंतू पोचलेले नव्हते. तेव्हा तुऱ्यापर्यंत जो निरोप गेला, तो रक्तातून गेला असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. शरीरातील अंतःस्रावांच्या शास्त्राची ही पहाट कोंबड्याच्या तुऱ्यावर झाली. पुढे १९०२ साली विल्यम बेटसन ह्यांनी तुऱ्याच्या आकारांचाच आधार घेऊन दाखवून दिले, की मेंडेलने वाटाण्याच्या वेलीवर शोधलेले आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात. एका तुऱ्याने दोन शास्त्रांना हात दिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता मान. माणसाच्या मानेत सात मणके असतात; उंच मानेच्या जिराफालाही सातच. कोंबडीच्या आखूड दिसणाऱ्या मानेत मात्र सुमारे चौदा असतात, आणि त्यांचे सांधे खोगिराच्या आकाराचे असल्यामुळे ती मान वर-खाली आणि आजूबाजूला सारख्याच सहजतेने वळते. कवटी ह्या मणक्यांवर एकाच गोल उंचवट्याने टेकलेली असते. सस्तन प्राण्यांत असे दोन उंचवटे असतात. सरपटणाऱ्या प्राण्यांत मात्र पक्ष्यांप्रमाणे एकच. अशा साम्यांवरूनच टॉमस हक्स्ले ह्यांनी एकोणिसाव्या शतकात पक्षी आणि सरीसृप ह्यांना एका कुळात बसवले. कोंबडी हातात धरून तिचे अंग हळूच पुढे-मागे केले, तर डोके मात्र हवेत खिळल्यासारखे एका जागी राहते, हे खेड्यातील मुलांना चांगले ठाऊक असते. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, डोळे आणि हे चौदा मणके मिळून ती किमया साधतात. पक्ष्याचा डोळा कवटीत घट्ट बसलेला असतो, त्याला फारसे फिरता येत नाही. नजर स्थिर ठेवावयाची तर डोकेच स्थिर ठेवावे लागते, आणि ते काम मानेकडे आले आहे.

आवाजाच्या बाबतीत मात्र कंठाने बोलणारा हे नाव शास्त्राच्या कसोटीस पुरे उतरत नाही. माणसाचा आवाज गळ्यातील स्वरयंत्रात निर्माण होतो. पक्ष्याच्या गळ्यातही एक कंठद्वार असते. परंतु त्यात स्वरतंतू नसतात. श्वासनलिका मानेतून उतरून छातीत जेथे दुभागते, तेथे त्याचे खरे स्वरयंत्र असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए ह्यांनी दाखवून दिले, की श्वासनलिका वरच्या बाजूस छेदली तरी पक्ष्याचा आवाज निघू शकतो. म्हणजे कोंबडा बोलतो ते मानेच्या तळाशी; मानेची नळी त्याच्या बासरीचे काम करते. हा आवाज त्याच्या स्वतःच्याच कानाशी शंभर डेसिबेलच्या वर जातो. मग तो बहिरा कसा होत नाही? २०१८ साली बेल्जियममधील संशोधकांनी ह्याचे कारण दाखवले. आरवण्यासाठी चोच पूर्ण वासली की कानाची वाट आपोआप मिटते आणि मऊ मांसाचा पडदा कानाच्या पटलावर अर्धाअधिक पसरतो. शिवाय पक्ष्याच्या कानातील ऐकण्याच्या पेशी मेल्या, तर नव्या उगवतात, हे १९८८ च्या सुमारास कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांत आढळून आले. माणसाच्या कानातील तशाच पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. जगभरातील बहिऱ्या माणसांना पुन्हा ऐकू यावे म्हणून जे संशोधन चालू आहे, त्याच्या पायापाशी खुराड्यातले हे पिलू उभे आहे.

एवढ्याशा डोक्यात मेंदूला जागा ती किती उरणार? कोंबडीचा मेंदू भरतो तीन-चार ग्रॅम. डोक्याचा मोठा भाग दोन डोळ्यांनीच व्यापलेला असतो. दोहोंच्या मध्ये हाडाचा एक पातळसा पडदा तेवढा असतो, आणि मेंदू त्यांच्या मागे दडपून बसवल्यासारखा दिसतो. मोठा मेंदू गुळगुळीत, माणसाच्या मेंदूसारख्या वळ्या त्यावर नाहीत. बाजूंना दृष्टीचे दोन ठसठशीत गोळे. मागे घड्याघड्यांचा लहान मेंदू. आणि खाली मानेत उतरणारा मेंदूचा देठ. ह्या भागांची कामे वेगवेगळी आहेत, हे दाखवण्याचा मान फ्रान्समधील पिएर फ्लूरांस ह्यांच्याकडे जातो. १८२४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी कोंबड्या आणि कबुतरे ह्यांवरील प्रयोग मांडले. लहान मेंदू काढला तर पक्ष्याचा तोल जातो. मोठा मेंदू काढलेली एक कोंबडी त्यांनी दहा महिने जगवली. ती उभी राही, ढकलले तर चाले, चोचीत दाणा घातला तर गिळी. परंतु समोर धान्य असूनही आपण होऊन एक दाणा टिपत नसे. शरीर होते, इच्छा हरपली होती.

ह्याहून विलक्षण घटना पुढच्या शतकात घडली. १० सप्टेंबर १९४५ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या फ्रूटा गावी एका शेतकऱ्याने कोंबड्याचे मुंडके उडवले. परंतु कुऱ्हाडीचा घाव जरा वर बसला. मेंदूचा देठ बहुतांशी शाबूत राहिला, एक कान वाचला, आणि रक्ताची गुठळी होऊन मुख्य रक्तवाहिनी वाहायची थांबली. 'माइक' नावाने प्रसिद्धीस आलेला हा कोंबडा नळीने भरवलेल्या अन्नावर अठरा महिने जगला. मार्च १९४७ मध्ये गुदमरून मेला. लोकांनी पैसे देऊन त्याचा तमाशा पाहिला. ह्या घटनेतून दोन धडे घेता येत होते. श्वास, हृदयाची लय आणि पायांची चाल ह्यांचा कारभार मेंदूच्या देठाकडे असतो, हा एक. आणि कोंबडीला डोक्याची गरजच काय, हा दुसरा. जगाने दुसराच धडा अधिक आवडीने घेतला.

त्या आवडीला शास्त्राचाही आधार मिळाला होता. फ्रँकफुर्टचे लुडविग एडिंगर हे मेंदूंच्या तौलनिक अभ्यासाचे आद्य पुरुष. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी पक्ष्याच्या मोठ्या मेंदूतील भागांना जी नावे दिली, त्यांतून असा अर्थ निघे, की हा जवळजवळ सारा मेंदू म्हणजे सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील तळाचा, केवळ उपजत प्रेरणांचा भाग. विचार करणारे वरचे आवरण पक्ष्याला नाहीच. नावे रूढ झाली, ग्रंथांत छापली गेली, परीक्षांत विचारली गेली. आणि एका चुकीच्या नावाने शंभर वर्षे पक्ष्यांना निर्बुद्ध ठरवले. १९६० च्या दशकात हार्वी कार्टेन ह्यांनी मज्जातंतूंचे मार्ग शोधत जाऊन शंका उपस्थित केली. पक्ष्याच्या मेंदूतील कित्येक केंद्रांची जोडणी सस्तन प्राण्यांच्या वरच्या आवरणासारखीच आहे, असे त्यांना दिसले. अखेर निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र बसून जुनी नावे मोडीत काढली आणि २००४ व २००५ साली नवी नावावली प्रसिद्ध केली. पक्ष्याचा मोठा मेंदू बहुतांशी वरच्या आवरणाच्याच जातीचा आहे, हे त्या नावांनी मान्य केले. घडण निराळी आहे, एवढेच: सस्तन प्राण्यांत पेशींचे थर रचलेले असतात, पक्ष्यांत बहुतांशी पुंजके. २०१६ साली पेशींची मोजदाद झाली, तेव्हा तांबड्या रानकोंबड्याच्या इवल्याशा मेंदूत सुमारे २२ कोटी चेतापेशी असल्याचे आढळले. उंदीरवर्गातील घुशीएवढ्या प्राण्याच्या मेंदूत त्या सुमारे २० कोटी असतात.

ह्या मेंदूची करणीही उपेक्षणीय नाही. अंड्यातून बाहेर पडलेले पिलू पहिल्या हलत्या वस्तूच्या मागे चालू लागते, हे इंग्लंडमधील डग्लस स्पाल्डिंग ह्यांनी १८७३ साली नोंदवले. ही पहिली ओळख मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात साठवली जाते, ते पुढे केंब्रिजमध्ये गेब्रिएल हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. स्मृती मेंदूत कोठे आणि कशी कोरली जाते, ह्याविषयी आज जे ज्ञान आहे, त्यातला मोठा वाटा ह्या पिलांचा आहे. २००९ साली इटलीतील संशोधकांनी तीन-चार दिवसांच्या पिलांपुढे त्यांच्या ओळखीच्या पाच वस्तूंपैकी तीन एका पडद्याआड व दोन दुसऱ्याआड ठेवल्या. पिले अधिक वस्तूंकडे गेली. मग वस्तू एका पडद्यामागून दुसऱ्यामागे हलवल्या, तरी पिलांनी बेरीज-वजाबाकीचा हिशोब चुकवला नाही. ऑस्ट्रेलियातील लेस्ली रॉजर्स ह्यांना तर असे दिसले, की पिलू उजव्या डोळ्याने खड्यांतून दाणा निवडते आणि डाव्या डोळ्याने आभाळातील घारीवर लक्ष ठेवते. अंड्यात असताना शेवटच्या दिवसांत त्याचा उजवा डोळा कवचाकडे आणि डावा स्वतःच्या अंगाकडे वळलेला असतो. कवचातून झिरपणारा प्रकाश एकाच डोळ्याला मिळतो, आणि मेंदूच्या दोन बाजूंची कामे वाटली जाण्यास तेथून हातभार लागतो. उबवणीस बसलेली कोंबडी मधूनमधून उठते, तेवढ्या उजेडानेही हे घडते.

प्रकाश आणि मेंदू ह्यांचे हे नाते ध्यानी घेतले, की डालग्याखालच्या कोंबड्याकडे परतता येते. सजीवाच्या आत घड्याळ असावे, ही शंका प्रथम एका झाडाने निर्माण केली. १७२९ साली फ्रेंच ज्योतिर्विद द मेराँ ह्यांनी लाजाळूसारखे एक रोप पूर्ण अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उमलत आणि रात्री मिटत राहिली. कोंबडीत असे घड्याळ कोठे आहे? तिच्या मोठ्या आणि लहान मेंदूंच्या बेचक्यात, कवटीच्या अगदी लगत, एक लहानशी ग्रंथी आहे. माणसातील हीच ग्रंथी मेंदूच्या पार आत दडलेली असते, आणि देकार्त ह्या तत्त्वज्ञाने तिला आत्म्याचे आसन मानले होते. १९७९ साली जपानमधील देगुची ह्यांनी आणि १९८० साली अमेरिकेतील ताकाहाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीची ही ग्रंथी शरीराबाहेर काढून काचेच्या पात्रात जिवंत ठेवली. रात्री पाझरणारा तिचा स्राव पात्रातही रात्रीच्या सुमारास वाढे आणि दिवसा ओसरे. डोके नाही, डोळे नाहीत, आणि घड्याळ चालू! १९९४ साली ओकानो, फुकादा आदी जपानी संशोधकांना ह्याच ग्रंथीत प्रकाश टिपणारे एक प्रथिन सापडले, ते डोळ्यातील तशाच द्रव्यांचे भावंड आहे. कोंबडीच्या पातळ कवटीतून थोडा उजेड आत शिरतो, आणि ही ग्रंथी डोळ्यांच्या मदतीवाचून तो पाहते. अर्थात सारे घड्याळ एकट्या ह्या ग्रंथीत नाही. डोळ्याच्या मागचा पडदा आणि मेंदूच्या तळाचा एक भाग हेही त्या कारभारात भागीदार आहेत.

आता शेवटची कसोटी उरली होती, ती म्हातारीच्याच प्रयोगाची. २०१३ साली जपानमधील नागोया विद्यापीठाच्या शिम्मुरा आणि योशिमुरा ह्यांनी कोंबडे अहोरात्र एकाच मंद उजेडात ठेवले. पहाट नाही, संध्याकाळ नाही. तरीही कोंबडे चोवीस तासांना किंचित कमी अशा अंतराने, आपल्या आतल्या पहाटेस, आरवत राहिले. दिवसरात्र नेहमीप्रमाणे असताना तर ते उजेडाच्या सुमारे दोन तास आधीच आरवतात, असे दिसले. बाहेरचा प्रकाश किंवा दुसऱ्याचे आरवणे ऐकूनही कोंबडा आरवतो, परंतु त्यालाही आतल्या घड्याळाची वेळ लागते. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी आणखी एक गोष्ट उघड केली. कळपात पहाटेस प्रथम आरवण्याचा मान सर्वांत वरच्या कोंबड्याचा असतो, आणि बाकीचे उतरत्या मानाने त्याच्यामागून आरवतात. आतील घड्याळ सर्वांचे जागे असते, पण बोलण्याची पाळी दरबारी रीतीने येते.

हे आरवणे शिकवावे लागत नाही, ते मेंदूच्या घडणीतच असते. ह्याचा पुरावा फ्रान्समध्ये मिळाला. कोंबडीच्या गर्भात पाठकण्याच्या कडेने एक पेशींची पट्टी असते, ती प्रथम विल्हेल्म हिस ह्यांनी १८६८ साली पाहिली. चेहरा, जबडा आणि मानेचा बराच भाग ह्याच पट्टीतून निघालेल्या भटक्या पेशी घडवतात, हे निकोल ल दुआरँ ह्यांनी कोंबडीच्या गर्भात लाव्हरीच्या पेशी रुजवून सिद्ध केले. १९८८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाव्हरीच्या गर्भातील मेंदूचे काही भाग कोंबडीच्या गर्भात बसवले. जन्मलेली पिले दिसावयास कोंबडीची होती, परंतु काहींचे आरवणे लाव्हरीच्या वळणाचे निघाले. ह्याच भटक्या पेशी रंगद्रव्यही घेऊन फिरतात, आणि त्यांची संख्या बेसुमार वाढली की काय होते, ते पाहण्यास मध्य प्रदेशाबाहेर जावे लागत नाही. झाबुआच्या भिल्ल-भिलाला पाड्यांतील कडकनाथ कोंबड्याचा तुरा, जीभ, मांस आणि हाडांवरचे आवरणही काळे असते, ते ह्यामुळेच. त्या जातीचे जतन करणारे झाबुआचे कृषी विज्ञान केंद्र ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाच्या अखत्यारीत आहे, आणि २०१८ साली कडकनाथाला भौगोलिक मानांकनही मिळाले. बाबराने गावठी कोंबड्यांत जे नाना रंग पाहिले, त्यांतला सर्वांत गडद रंग आज ग्वाल्हेरच्या छत्राखाली जपला जात आहे.

हा इतिहास येथेच संपता तर तो केवळ कौतुकाचा विषय ठरला असता. परंतु मिळालेले ज्ञान रिकामे बसत नाही. कोंबडीचा मेंदू कवटीतून उजेड मोजतो आणि दिवस मोठा झाला की अंडी घालण्याचा हंगाम आला असे समजतो, हे कळल्यापासून अंड्यांच्या कारखानदारीत दिवे रोज सोळा तासांपर्यंत जळू लागले. म्हातारीने उजेड अडवण्यासाठी कोंबडे झाकले होते. येथे सूर्य मावळल्यावरही कोंबडीला मावळतीची वार्ता लागू दिली जात नाही. दाटीवाटीत ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचतात, म्हणून पिलांच्या चोचीची टोके छाटण्याची पद्धत पडली. चोच म्हणजे नखासारखे निर्जीव शिंग, अशी त्यामागची समजूत होती. १९८५ साली ब्रेवर्ड आणि जेंटल ह्यांनी दाखवून दिले, की चोचीच्या टोकात मज्जातंतूंचे दाट जाळे असते, आणि छाटल्यावर तुटलेल्या तंतूंच्या गाठी होऊन त्या मेंदूकडे विपरीत संदेश पाठवीत राहतात. तुटलेल्या अवयवाच्या जागी माणसाला वेदना होतात, तेव्हा तेथेही अशाच गाठी आढळतात. पोटाला अन्न हवे, गरिबाच्या ताटात अंडे पडावे, हे कोणीही मान्य करील. परंतु ज्या जिवाला काही जाणवतच नाही असे मानून आपण ही व्यवस्था उभारली, त्याला जाणवते, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

२०१९ च्या पशुगणनेत भारतात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व तत्सम पाळीव पक्षी मोजले गेले. २०१७ साली विधी आयोगाने आपला २६९वा अहवाल ह्या पक्ष्यांच्या निवासावर आणि वाहतुकीवर लिहिला. न्यायाच्या आसनापर्यंत कोंबडीचे डोके पोचले, ही लहान गोष्ट नव्हे. मुक्या प्राण्याला किती कळते, हा प्रश्न पूर्वी दयाळू माणसाच्या हृदयावर सोपवलेला होता. आता मणके मोजले गेले आहेत, चेतापेशी मोजल्या गेल्या आहेत, घड्याळाचे चक्रही सापडले आहे, आणि अज्ञानाची सबब कोणाजवळ उरलेली नाही. पहाटेच्या दोन तास आधी, अंधार गडद असताना, गावच्या आढ्यावरचा कोंबडा आज येऊ घातलेला उजेड आपल्या डोक्यात ओळखतो आणि मान ताणून तो जगाला सांगतो. ज्याला अंधारातही पहाट कळते, त्याच्यावर कांबळे टाकताना माणसाचा हात यापुढे थोडा तरी अडखळला पाहिजे.